आधी जमा, मग खर्च : विद्यार्थ्यांच्या हाती प्रीपेड कार्ड

देशी नाम्याच्या रोजमेळात डावी बाजू जमेची आणि उजवी बाजू नावेची असते. पाचोऱ्याच्या बाजारपेठेत ज्या घरांच्या दोन-तीन पिढ्या गादीवर बसल्या, त्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. आदल्या दिवसाची शिल्लक पुढे ओढायची, दिवसाची आवक लिहायची आणि मगच खर्चाला हात घालायचा, हा क्रम अंगवळणी पडलेला असतो. लाल वहीच्या जागी संगणकावरची टॅली आली, तरी क्रम तोच राहिला. मात्र त्याच घरातील मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर पुण्याला, नाशिकला अथवा मुंबईला शिक्षणासाठी जाते, तेव्हा त्यांच्या हाती येणारी खर्चाची साधने पुष्कळदा उलट्या क्रमाची असतात. क्रेडिट कार्डावर आधी नावे पडते. जमा करण्याचा विचार महिना-दीड महिन्याने येतो.

हे क्रेडिट कार्ड विद्यार्थ्याच्या खिशात शिरण्याच्या वाटा तीन. पहिली म्हणजे वडिलांच्या कार्डावर काढलेले जोडकार्ड, म्हणजेच अ‍ॅड-ऑन कार्ड. दुसरी म्हणजे मुदत ठेव तारण ठेवून अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाच्या नावाने घेतलेले कार्ड. तिसरी वाट मोबाइलवरून येते : ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ म्हणणारी अ‍ॅप. अठरा वर्षांखालील व्यक्तीशी केलेला करार भारतीय करार कायदा, १८७२ अन्वये मुळातच निरर्थक ठरतो. मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष हा प्रिव्ही कौन्सिलचा १९०३ चा निकाल वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. म्हणून अज्ञान मुलाच्या स्वतःच्या नावे क्रेडिट कार्ड मिळत नाही. पण बारावी होऊन वसतिगृहात पाऊल ठेवेपर्यंत बहुतेकांची अठरा वर्षे भरतात, किंवा भरण्याच्या बेतात असतात. कायद्याने सज्ञान झालेल्या या मुलाने स्वतःच्या कमाईचा एक रुपयाही अजून पाहिलेला नसतो.

क्रेडिट कार्ड ही वस्तू वाईट नव्हे. ठरल्या तारखेला पूर्ण बिल भरणाऱ्या व्यापाऱ्याला ते बिनव्याजी चाळीस-पन्नास दिवस देते, आणि बाजारात बिनव्याजी मुदत कोणाला नको असते? अडचण येते ती ‘किमान देय रक्कम’ या दोन-तीन शब्दांनी. समजा, कार्डाचे बिल ४०,००० रुपये आले आणि किमान देय म्हणून ५ टक्के, म्हणजे २,००० रुपये भरले. उरलेल्या रकमेवर दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर ढोबळ मानाने १,४०० रुपयांच्या आसपास व्याज होते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २५२ रुपये. म्हणजे भरलेल्या २,००० पैकी १,६५२ रुपये व्याजात व करात गेले, आणि मुद्दल जेमतेम ३४८ रुपयांनी उतरले. शिवाय पूर्ण बिल न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत संपली; पुढची प्रत्येक खरेदी, मग ती वहीची असो वा वडापावची, पहिल्या दिवसापासून व्याज खाऊ लागते. कार्डावर रोख काढली तर तिला मुळात बिनव्याजी मुदतच नसते.

शेकडा दरमहा साडेतीन म्हणजे सालीना ४२ टक्के. हा आकडा व्यापारी घराला निराळ्या रीतीने समजू शकतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकरी कर्जदाराकडून विनातारण कर्जावर सालीना १८ टक्क्यांपेक्षा अधिक व्याज घेता येत नाही. त्याहून अधिक घेतले तर परवान्यावर गदा येते. बँकेच्या कार्डाला ही मर्यादा लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून अधिक कार्डव्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. दर ठरवणे हा बँका आणि रिझर्व्ह बँक यांच्यातील विषय, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. तेव्हा विद्यार्थ्याला या दरापासून वाचवण्याचे काम कायद्यावर सोपवून भागत नाही.

प्रीपेड कार्ड हा त्यावरचा साधा उपाय. त्याची कल्पना मोबाइलच्या रिचार्जने घराघरात पोहोचलेली आहेच. आधी पैसे भरायचे, भरले तेवढेच वापरायचे, संपले की कार्ड यंत्रावर ‘नाही’ म्हणते. पुण्यातील मेसची कूपने हा याच तत्त्वाचा जुना अवतार : महिन्याची साठ कूपने घेतली, एकसष्टावे जेवण नाही. रिझर्व्ह बँक अशा साधनांना ‘प्रीपेड पेमेंट इन्स्ट्रुमेंट’ म्हणते आणि पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ खाली त्यांचे नियमन करते. सध्याची मूळ नियमावली २७ ऑगस्ट २०२१ ची. तिच्यात विद्यार्थ्यांच्या दृष्टीने दोन प्रकार महत्त्वाचे आहेत.

पहिला लहान प्रकार. किमान ओळख घेऊन दिला जाणारा. त्यात कोणत्याही वेळी १०,००० रुपयांपेक्षा अधिक शिल्लक राहू शकत नाही, महिन्यात १०,००० आणि वर्षात १,२०,००० पेक्षा अधिक भरता येत नाही. त्यातून रोख निघत नाही, दुसऱ्याला पैसे पाठवता येत नाहीत; फक्त खरेदी. दुसरा पूर्ण केवायसीचा : त्यात २,००,००० रुपयांपर्यंत शिल्लक चालते, पैसे पाठवता येतात, आणि बँकेतर कंपनीचे कार्ड असल्यास एका वेळी २,००० व महिन्यात १०,००० पर्यंत रोख काढता येते. बहुतेक पालक सवयीने दुसरा, ‘मोठा’ प्रकार मागतात. वस्तुतः हातखर्चासाठी पहिल्याची तोकडी अंगे हाच त्याचा गुण. मित्राला उसने पाठवता येत नाही, रात्री अकराला एटीएमकडे धाव घेता येत नाही, आणि महिन्याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेनेच घालून दिलेली असते. वडिलांना खडूस ठरावे लागत नाही.

त्याची एक अडचण मात्र खरी आहे. पुण्यातला चहावाला, झेरॉक्सवाला, भाजीवाली यांच्याकडे कार्ड घासण्याचे यंत्र नसते. असतो तो क्यूआर कोडचा कागद. यूपीआयशी जोडणी फक्त पूर्ण केवायसीच्या साधनांना मिळते. २७ डिसेंबर २०२४ पासून तर अशा साधनातील शिल्लक इतर कंपन्यांच्या यूपीआय अ‍ॅपवरूनही वापरता येते. म्हणून ज्या विद्यार्थ्याचा खर्च मुख्यतः रस्त्यावरच्या छोट्या दुकानांतला आहे त्याला पूर्ण केवायसीचे साधन घ्यावे लागेल, पण त्यात भरायचे मात्र लहान कार्डाइतकेच.

मुलांसाठीच्या कार्डांचा उद्योग आपल्याकडे अलीकडचा. आयआयटी रुडकीतून बाहेर पडलेल्या संभव जैन आणि कुश तनेजा यांनी २०१९ मध्ये फॅमपे ही कंपनी काढली आणि आयडीएफसी फर्स्ट बँकेच्या साहाय्याने किशोरवयीनांसाठी कार्ड आणले. त्याच्यावर नंबर छापलेला नव्हता. तो अ‍ॅपमध्येच दिसे. बँक खाते नसलेल्या मुलाच्या हाती पालकांच्या संमतीने खर्चाचे साधन द्यावे, ही त्यामागची कल्पना. विचार चांगला होता. त्याच काळात दुसरीकडे नेमके उलटे घडत होते, आणि पालकांनी ती हकिगत अधिक लक्षपूर्वक समजून घ्यावी अशी आहे.

बंगळुरूची स्लाइस ही कंपनी २०१६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हप्त्याने वस्तू घेऊ देण्याच्या कल्पनेतून उभी राहिली. पुढे तिने कार्ड काढले. कागदोपत्री ते प्रीपेड कार्ड होते. पण त्यात पैसे भरायचे कोणी? विद्यार्थ्याने नव्हे. कार्ड घासले की वित्तसंस्थेच्या कर्जमर्यादेतून तेवढी रक्कम कार्डात भरली जाई आणि लगेच दुकानदाराला जाई. वरून प्रीपेड, आतून उधारी. अशी कार्डे देणाऱ्या आणखीही कंपन्या होत्या. ज्यांना बँकेने क्रेडिट कार्ड दिले नसते अशा तरुणांपर्यंत ती सहज पोहोचली. २० जून २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने पत्र काढून कर्जमर्यादेतून प्रीपेड साधनात पैसे भरण्यास मनाई केली, आणि हा सारा व्यवसाय एका पत्राने थांबला. स्लाइस पुढे २०२४ मध्ये नॉर्थ ईस्ट स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ‘प्रीपेड’ हा शब्द कार्डावर छापलेला असला म्हणजे काम झाले असे नव्हे. भरणा कोठून होतो हे पाहावे लागते. आजही नियमाप्रमाणे क्रेडिट कार्डातून प्रीपेड साधन भरता येते. वडिलांचे क्रेडिट कार्ड जोडून मुलाचे प्रीपेड कार्ड भरत राहणे म्हणजे एका घागरीला भोक पाडून दुसरी भरणे होय.

दुसरा सापळा शुल्काचा. त्याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. नोव्हेंबर २०१० मध्ये तेथे दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध कार्दाशियन भगिनींच्या नावाचे प्रीपेड कार्ड तरुण मुलींसाठी बाजारात आले. एका वर्षासाठी कार्डाची किंमत सुमारे १०० डॉलर, आणि त्याखेरीज निरनिराळी शुल्के. कनेक्टिकट राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने प्रश्न विचारताच महिन्याच्या आत भगिनींनी नाव काढून घेतले आणि कार्ड गुंडाळले गेले. आपल्याकडे शुल्के इतकी अचाट नसतात, तरी कार्ड देण्याचे, भरण्याचे, नवे प्लास्टिक घेण्याचे, रोख काढण्याचे आणि काही ठिकाणी न वापरल्याचे, अशी पाच शुल्के विचारून घ्यावीत. महिन्याला तीन हजार भरणाऱ्याचे वर्षाला तीनशे रुपये शुल्कात गेले, तर ती रक्कम एका महिन्याच्या हातखर्चाचा दहावा हिस्सा होते. त्याच अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्याने २१ वर्षांखालील व्यक्तीला स्वतःचे उत्पन्न किंवा सहस्वाक्षरी करणारा प्रौढ दाखविल्याशिवाय क्रेडिट कार्ड देण्यास बंदी झाली. महाविद्यालयांच्या आवारात टी-शर्ट वाटून कार्डे खपविण्याचा जो धुमाकूळ चालला होता त्याला त्यामुळे आळा बसला.

प्रीपेड साधनाची आणखी एक बाजू ठेवीदार मनाच्या वाचकांना ठाऊक असावी. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. बँकेतर कंपनीच्या वॉलेटमधील शिल्लक ही ठेव नव्हे; कंपनीने ती एका अनुसूचित बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायची असते, एवढेच. तिच्यावर व्याजही मिळत नाही. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, आणि त्यानंतर १५ मार्च २०२४ पासून तेथील खात्यांत, वॉलेटांत व फास्टॅगमध्ये नवा भरणा बंद झाला. शिल्लक वापरून संपविण्याची मुभा राहिली, पैसे बुडाले नाहीत. पण ज्यांचा रोजचा खर्च त्या एकाच साधनावर होता त्यांची तारांबळ उडाली. प्रीपेड कार्ड म्हणजे खिशातले पाकीट. पाकिटात आठवड्याचे पैसे ठेवावेत, सहामाहीची फी नव्हे.

पैसे परस्पर गेले तर? बँकेतर कंपन्यांच्या प्रीपेड साधनांसाठी जानेवारी २०१९ मध्येच नियम झाला आहे. तिसऱ्याच पक्षाच्या लबाडीने रक्कम गेली आणि तीन दिवसांत कंपनीला कळविले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळविल्यास व्यवहाराची रक्कम किंवा १०,००० रुपये, यांतील जे कमी तेवढी. मुलांना ही मुदत माहीत नसते. वडील रागावतील म्हणून ती आठ-आठ दिवस गप्प बसतात आणि हक्क गमावतात. फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर लगेच करता येते. त्याचबरोबर स्वतःचे खाते किंवा कार्ड ‘काही दिवस वापरायला’ कोणाला देणे, दोन-तीन हजारांच्या आमिषाने भाड्याने देणे, हा प्रकार वसतिगृहांतून वाढला आहे. अशा खात्यातून लबाडीचा पैसा फिरला की पोलिसांचे पत्र खातेदाराच्या नावाने येते, भाडेकरूच्या नव्हे.

येथे एक प्रश्न स्वाभाविक आहे. मुलाच्या नावाचे स्वतंत्र बचत खाते आणि त्याचे डेबिट कार्ड असताना प्रीपेड कार्डाची गरज काय? प्रश्न रास्त आहे, आणि पाचोऱ्यातील अनेक घरांसाठी त्याचे उत्तर ‘गरज नाही’ असेच येईल. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते उघडून चालविण्याची मुभा बँका आपल्या धोरणानुसार देऊ शकतात. २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने हे नियम एकत्र केले आहेत. अशा खात्यात आठवड्याची रक्कम भरली की डेबिट कार्ड हेच प्रीपेड कार्ड होते. वर ठेव विमा आणि थोडे व्याज. २०२० पासून कार्डाची ऑनलाइन, संपर्करहित व परदेशी वापराची सोय चालू-बंद करता येते आणि मर्यादाही ठरवता येतात. फक्त त्याच खात्यात फीचे लाखभर रुपये पडून असू नयेत. तसे असेल तर बंधन उरतच नाही.

आणखी एक नवे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये आले : यूपीआय सर्कल. वडिलांच्या खात्यावर मुलाला दुय्यम वापरकर्ता म्हणून जोडता येते. पूर्ण मुभेच्या प्रकारात एका व्यवहाराला ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंतची मर्यादा वडील ठरवितात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक व्यवहाराला वडिलांची मंजुरी लागते. हा दुसरा प्रकार दुकानदार बापाला मुळीच सोयीचा नाही. कापसाच्या हंगामात काट्यावर उभे असताना, मुलाच्या चौदा रुपयांच्या वहीला मंजुरी द्यायला कोण मोकळे असते?

प्रवासासाठी तर प्रीपेड कार्ड निर्विवाद उपयोगी. मुंबई-भुसावळ लोहमार्गावर वाढलेला पाचोऱ्याचा विद्यार्थी पुण्यात गेला की त्याला मेट्रोचे ‘एक पुणे’ कार्ड भेटते; विद्यार्थ्यांसाठीच्या स्वतंत्र पासावर भाड्यात ३० टक्के सवलत आहे. अशा राष्ट्रीय सामायिक प्रवासी कार्डांत कार्डाच्या चिपवरच २,००० रुपयांपर्यंत रक्कम साठविता येते. ती चिपवरची रक्कम नोटेसारखी असते, कार्ड हरवले तर ती परत मिळण्याचा भरवसा नाही. दोनशे-तीनशे पुरेत.

आता खर्चाच्या आखणीकडे वळू. समाजाच्या वसतिगृहांची परंपरा मोठी आहे. मुंबईत १९१५ साली स्थापन झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयासारख्या संस्थांत राहण्याची व जेवणाची सोय एकत्रच होते. अशा ठिकाणी मूळ खर्च घरातून परस्पर संस्थेला भरावा, मुलाच्या हातून फिरवू नये. खोलीचे भाडे आणि मेसचेही तसेच. उरतो तो हातखर्च. उदाहरणादाखल तो महिन्याला ६,००० धरला, तर एकदम सहा हजार भरणे ही चूक, कारण पहिल्या दहा दिवसांत राजा आणि शेवटच्या दहांत याचक अशी अवस्था होते. दर सोमवारी १,२०० भरावेत. चार आठवड्यांचे ४,८०० झाले. राहिलेले १,२०० हातचे. त्यातून गावी येण्याचे तिकीट, एखादे पुस्तक, किंवा महिन्याचे वरचे दोन-तीन दिवस. आठवड्यात वाचलेली रक्कम पुढच्या सोमवारी वजा करून घेऊ नये, ती मुलाचीच राहू द्यावी. अन्यथा रविवारी रात्री कार्ड रिकामे करण्याची स्पर्धा लागते, हे सरकारी खात्यांच्या मार्च महिन्यावरून सर्वांना ठाऊक आहे.

पालकांच्या मोबाइलवर प्रत्येक खर्चाची नोंद दिसते. ती पाहणे आणि तिची उलटतपासणी घेणे यांत फरक राखावा. वीस वर्षांच्या मुलीला ‘काल संध्याकाळी ३४० रुपये कशाला?’ असा फोन रोज गेला, तर ती रोखीने खर्च करू लागेल आणि नोंदच उरणार नाही. पंधरवड्यातून एकदा तिनेच आपला जमाखर्च सांगावा, ही रीत अधिक टिकते.

एक गोष्ट प्रीपेड कार्ड करू शकत नाही : पत निर्माण करू शकत नाही. त्यात कर्जच नसल्यामुळे सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे त्याची नोंद जात नाही. काही सल्लागार म्हणूनच विद्यार्थिदशेत क्रेडिट कार्ड घ्या, असे सुचवितात. व्यापारी घरात या सल्ल्याची दुसरी बाजू अधिक जड आहे. शिक्षण संपवून मुलगा पेढीत भागीदार होतो, आणि कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाच्या वेळी बँक पेढीबरोबर प्रत्येक भागीदाराचा आणि जामीनदाराचा व्यक्तिगत पत-अहवालही काढते. वसतिगृहात असताना चुकविलेले पाच-सात हजारांचे एखादे ‘नंतर द्या’ खाते तेथे थकीत म्हणून उभे राहते. ही माहिती किमान ७ वर्षे जपली जाते, आणि जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला अद्ययावत होते. पन्नास लाखांच्या मर्यादेची फाइल पाच हजारांच्या थकबाकीपायी खुलाशासाठी परत येणे, यात अतिशयोक्ती नाही. जोडकार्डाची थकबाकी तर थेट मुख्य कार्डधारकाच्या, म्हणजे वडिलांच्याच नावावर चढते. पत बांधायचीच असेल तर शेवटच्या वर्षात, मुदत ठेवीवरचे लहान मर्यादेचे कार्ड घेऊन आणि बँक खात्यातून पूर्ण बिलाच्या स्वयंचलित भरण्याची सूचना देऊन बांधावी.

राहिली नोंद. मुलाच्या कार्डात पेढीच्या चालू खात्यातून भरलेली रक्कम ‘किरकोळ खर्च’ किंवा ‘प्रवास खर्च’ म्हणून टाकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आढळते. ती मालकाची उचल आहे आणि उचल खात्यालाच नावे पडली पाहिजे. धंद्याचा खर्च म्हणून दाखविली तर लेखापरीक्षणात आणि आयकराच्या तपासणीत ती नामंजूर होते. शिक्षण संपल्यावर कार्ड तसेच ड्रॉवरमध्ये पडू देऊ नये. शेवटच्या भरण्यापासून किमान एक वर्ष ते वैध असते. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कंपनी सूचना पाठविते, पण ती मुलाच्या जुन्या, बंद पडलेल्या मोबाइल क्रमांकावर जाते. पूर्ण केवायसीचे कार्ड बंद करताना शिल्लक स्वतःच्या बँक खात्यात वळती करून मिळते. तो अर्ज गाव सोडण्यापूर्वीच द्यावा आणि बंद झाल्याची पोच फाइलला लावावी.